आधी ब्रेक, मग बाजू

अपघाताच्या जागी पोहोचलो की पहिला शब्द कानावर पडे तो 'अचानक'. अचानक म्हैस आली, अचानक वळण आलं, अचानक टायर फुटला. भोकरदन रस्त्यावर एका गृहस्थानं मला अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, की डिव्हायडर अचानक आला. तो डिव्हायडर त्यांच्या लग्नाच्या आधीपासून तिथं होता. मी म्हणालो, "अहो, तो काही जात-येत नसतो." तर ते म्हणाले, "आज आल्ता ना साहेब."

मी जालन्यात राहून विमा कंपन्यांसाठी मोटार अपघातांची पाहणी करायचो. आमच्या धंद्यातल्या माणसाला सर्व्हेअर म्हणतात. गाडी धडकली, मालकानं भरपाई मागितली, की कंपनी आम्हाला पाठवते. गाडी कशी धडकली, नुकसान किती खरं, किती जुनं आणि किती गॅरेजवाल्याच्या मुलीच्या लग्नासाठी, हे आम्ही ठरवायचं. पत्रा खोटं बोलत नाही, असं आमच्यातले ज्येष्ठ सांगत. मी पत्र्यावरही विश्वास ठेवला नाही. हातोडीनं नीट शिकवला तर पत्राही खोटं बोलतो.

अशा माणसाला मोटारींच्या शर्यतीत कोण बोलावेल? पण बोलावलं. संभाजीनगरच्या एका मोटर क्लबनं डोंगरातली रॅली भरवली होती आणि त्यांना गाड्या तपासायला कुणीतरी खडूस माणूस हवा होता. माझं नाव एकमतानं सुचलं म्हणे. तिथून परीक्षा दिल्या, परवाना काढला, आणि पुढे बरीच वर्षं दक्षिणेत, चेन्नईच्या सर्किटवर, देशातल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतींत, मी पंच म्हणून बसलो. तिकडे पंचाला स्टुअर्ड म्हणतात. क्रिकेटच्या पंचाला उन्हात उभं राहावं लागतं. आम्हाला थंड खोलीत पडद्यांसमोर बसवतात, जेवण चांगलं देतात आणि त्यानंतर सगळे मिळून आमच्यावर चिडतात.

चिडण्याचं कारण बहुधा एकच असतं. ओव्हरटेक. बाहेरच्या माणसाला वाटतं, शर्यत म्हणजे जो जोरात चालवेल तो पुढे. तसं नसतं. सरळ रस्त्यावर सगळेच जोरात चालवतात. खरी मारामारी वळणाच्या तोंडाशी, ब्रेक दाबायच्या जागी होते. जो उशिरा ब्रेक दाबतो त्याला क्षणभर जास्त वेग मिळतो. तेवढ्यात तो वळणाच्या आतल्या बाजूला शिरतो. नियम असा, की वळणाच्या पोटाशी, म्हणजे त्याच्या सगळ्यात आतल्या टोकाशी, पोहोचेपर्यंत मागच्यानं पुढच्याच्या बरोबरीनं आलेलं असलं पाहिजे. मग पुढच्यानं त्याला जागा ठेवायची. नुसतं नाक खुपसून 'मी आलो होतो' म्हणता येत नाही. आता 'बरोबरीनं' म्हणजे किती, यावर जगभर भांडणं चालतात. त्या भांडणांवरच आमचं जेवण चालायचं.

ड्रायव्हर आमच्यासमोर येऊन बसले की जालना आणि चेन्नई यांत काही अंतर उरत नसे. 'त्यानं अचानक दार बंद केलं', म्हणजे गाडी आडवी घालून वाट अडवली. 'मला तो दिसलाच नाही.' 'ब्रेक नेहमीसारखा लागला नाही.' आत आल्याआल्या माफी मागणाऱ्यावर मी सगळ्यात जास्त संशय घेई, कारण माफी ही बऱ्याचदा पुढच्या प्रश्नाच्या वाटेत टाकलेली खुर्ची असते. आणि चित्रण पहिल्यांदा बघताना मी आवाज बंद करायला लावायचो. समालोचक ओरडला की साधा निष्काळजीपणासुद्धा पराक्रम दिसू लागतो.

इथं थोडं आमच्या जिल्ह्यातल्या तीर्थपुरीकडे वळतो. पुढच्या हकिकतीची चावी तिथं आहे.

हिवाळ्यातली धुक्याची सकाळ होती. कापूस भरलेले दोन टेम्पो एकामागे एक येत होते. एका वळणावर पहिला न वळता सरळ गेला आणि तुरीच्या शेतात उतरला. दुसरा त्याच्या मागोमाग उतरला, अगदी वऱ्हाडासारखा. सुदैवानं दोन्ही ड्रायव्हर धडधाकट होते. मी पोहोचलो तेव्हा सगळ्यात त्रस्त शेताचा मालक होता. तो म्हणाला, "एक आला तव्हा वाटलं अपघात झाला. दुसरा आला तव्हा वाटलं, माझं वावर मार्केट कमिटीला गेलं का काय."

दुसऱ्या ड्रायव्हरला मी बाजूला घेतलं. "पहिला चुकला. तू का गेलास?"

"तो गेला म्हनून गेलो."

"तिथं वळण आहे हे माहीत नव्हतं?"

"माहीत न्हाई कसं? रोजचा रस्ता हाय. पर मी रस्त्याकडं कुठं बघून राह्यलो होतो? त्याच्या लाल लाइटीकडं बघून राह्यलो होतो."

इतकं सरळ उत्तर मिळालं म्हणून मला लगेच संशय आला. मी त्याच्या चाकांच्या खुणा बघितल्या. रस्त्यावरून जाताना एखादा मुद्दाम दुसऱ्याला मागे टाकायला निघतो, तेव्हा तो आधी बाजू घेतो, मग लागला तर ब्रेक दाबतो. जो घाबरतो तो आधी ब्रेक दाबतो आणि मग सापडेल ती बाजू शोधतो. त्याच्या खुणा आधी सरळ काळ्या उमटतात, नंतर वाकतात. या टेम्पोच्या खुणा तशाच होत्या. आधी ब्रेक, मग बाजू. माणूस खरं बोलत होता. आमच्या धंद्यात असा योग क्वचित येतो, म्हणून लक्षात राहिला.

आता रोनकची गोष्ट.

रोनक जालन्याचा. वडील पारसशेठ सळईच्या धंद्यात. घराणं राजस्थानातून आलेलं, पण किती पिढ्यांपूर्वी ते त्यांनाही बोटांवर मोजावं लागतं. बोली आमच्याहून पक्की जालन्याची. पोरगा चोविशी-पंचविशीचा, हुशार, हात अतिशय हलका. हात हलका म्हणजे स्टिअरिंगशी झटापट न करणारा. त्याला चालवताना बघणं खरोखर सुखाचं होतं, आणि असं मी फार थोड्यांबद्दल म्हणतो. त्या वर्षी तो राष्ट्रीय विजेतेपदाच्या उंबऱ्यावर होता. शेवटची शर्यत बाकी होती. गुणांत पुढे होता कोइमतूरचा किरण. किताब मिळवायचा तर रोनकला ती शर्यत जिंकणं भाग होतं. शिवाय परदेशातल्या एका संघाचा माणूस मुद्दाम त्याला बघायला आला होता. त्या संघात जागा मिळाली तर रोनक खरोखर वर जाणार होता. आमच्याकडच्या कुठल्याही मुलानं पाहिलं नसेल इतक्या वर.

शर्यतीच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीवर माझ्यासाठी एक पेढ्यांचा पुडा आला. सोबत चिठ्ठी नव्हती, पारसशेठ स्वतःच होते.

"राजूरच्या गणपतीचा परसाद हाय, भाऊसाहेब. पोरासाठी गेल्तो."

"शेठ, मी उद्या पंच आहे."

"म्हनून तर. पंचालाबी देवाचा आशीर्वाद पाह्यजे ना."

प्रसाद नाकारता येत नाही, हीच प्रसादाची सोय. मी पुडा घेतला, थेट आमच्या पंचमंडळाच्या चेअरमनच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, की उद्याच्या शर्यतीतला एक ड्रायव्हर माझ्या गावचा आहे, त्याच्या वडिलांनी हे दिलंय, आणि मला बाजूला बसवावं. आमचे चेअरमन बंगळुरूचे. चेन्नईच्या उकाड्यातही अंगात ब्लेझर, खिशावर सोनेरी बिल्ला. मान अशी, की समोर सतत कुणीतरी फोटो काढतोय. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, पुडा उघडला आणि एक पेढा तोंडात टाकला.

"प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या गावचा असतोच," ते म्हणाले. "चांगले आहेत. वेलची आहे का यात?"

सकाळी गाडीच्या तपासणीत आणखी एक प्रकरण निघालं. रोनकच्या गाडीत, डोक्यामागच्या लोखंडी कमानीला, लिंबू-मिरची बांधलेली होती. शर्यतीच्या गाडीत सुटी वस्तू चालत नाही. धडकेत लिंबूसुद्धा दगडासारखं लागतं. तपासनिसानं ती काढून टाकली. पारसशेठ कुंपणापलीकडून बघत होते. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

शर्यतीत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत किरण पुढे आणि रोनक त्याच्या मागे, दोघांत एखाद्या बैलगाडीचं अंतर. लांब सरळ रस्ता संपतो तिथं उजवीकडे तीव्र वळण आहे. वळणाच्या अलीकडे अंतराच्या पाट्या लावलेल्या असतात. प्रत्येक ड्रायव्हर आपली एक पाटी मनाशी धरून ठेवतो आणि तिथं ब्रेक दाबतो. दोघे त्या वळणाशी आले. रोनकची गाडी आतल्या बाजूला घुसली, चाकांतून धूर निघाला, किरणच्या मागच्या चाकाला धडक बसली. किरण भेलकांडत वाळूत गेला. रोनक सावरला आणि शर्यत जिंकला.

समालोचक ओरडत होता, की या वर्षातलं सगळ्यात धाडसी ओव्हरटेक तुम्ही पाहिलंत. प्रेक्षक उभे होते. परदेशी संघाचा माणूस टाळ्या वाजवत होता, तेही पडद्यावर दिसलं. जालन्यात त्याच संध्याकाळी फ्लेक्सची ऑर्डर गेली होती, हे मला नंतर कळलं.

आम्ही तिघे खोलीत बसलो. चेअरमन, मी आणि वसंता मॅडम. वसंता मॅडम कोइमतूरच्या, एके काळी रॅलीत गाडी चालवलेल्या, बोलायला काटकसरी. किरण त्यांच्या गावचा, म्हणजे एका अर्थी आम्ही फिट्टंफाट होतो. मला त्यांच्यावरही संशय होता. त्यांना माझ्यावर असणारच.

आधी किरण आला. दंड खरचटलेला, डोळे लाल. "मला तो दिसलाच नाही," म्हणाला. "मी माझ्या नेहमीच्या जागी ब्रेक दाबला, वळलो, आणि हा आतून येऊन आदळला."

तो गेल्यावर आम्ही त्याच्या गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं, आवाज बंद करून. या गाड्यांना छप्पर नसतं, हेल्मेट स्वच्छ दिसतं. संबंध सरळ रस्ताभर किरणचं हेल्मेट आरशाकडे झुकत होतं. दिसत नसलेल्या माणसाकडे तो फार वेळा बघत होता. आरशात बघता बघता त्याची पाटी मागे गेली आणि ब्रेक उशिरा लागला. नेहमीची जागा वगैरे काही नव्हतं.

मग रोनक आला. अंगावरचा पोशाख घामानं चिकटलेला. माझ्याकडे त्यानं ओळख दाखवली नाही, ते मला आवडलं. मी तयार होतो. आता 'अचानक' येईल, 'ब्रेक लागला नाही' येईल, असं धरून चाललो होतो.

"मी जाणूनबुजून गेलो," रोनक म्हणाला. "जागा दिसली, घेतली. तो वळून आला तर मी काय करू? पुन्हा वेळ आली तर पुन्हा जाईन."

चेअरमनची पेन्सिल थांबली. "याचा अर्थ कळतो ना तुला? बरोबरीनं न येता मुद्दाम आत घुसणं म्हणजे धोकादायक चालवणं. परवाना निलंबित होईल."

"चालेल," रोनक म्हणाला.

इतक्या वर्षांत 'चालेल' हा शब्द मी त्या खुर्चीतून ऐकला नव्हता.

मी विचारलं, "जागा कधी दिसली?"

"पाटीच्या आधीच."

"मग आधी काय केलंस? स्टिअरिंग फिरवलं की ब्रेक दाबला?"

त्यानं हातातलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "स्टिअरिंग. अर्थात स्टिअरिंग."

तो बाहेर गेला. चेअरमन खूश होते. कबुलीजबाब मिळाला की पंचाला वेळेवर जेवता येतं. "स्पष्टच आहे," ते म्हणाले, "मुलगा निदान प्रामाणिक आहे."

मी म्हणालो, "मला काहीतरी दिसतंय, पण मी बोलणार नाही. मी त्याच्या गावचा. मॅडमनी आधी बघावं."

वसंता मॅडमनी रोनकचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "याचं डोकं हललेलंच नाही. ज्याला आत जायचंय तो आधी आत बघतो. हा किरणच्या गाडीच्या शेपटीकडे बघतोय. शेवटपर्यंत."

मग आम्ही गाडीतल्या यंत्राची नोंद मागवली. ब्रेक कधी दाबला आणि स्टिअरिंग कधी फिरलं, हे त्यात रेघांनी उमटतं. किरणनं ब्रेक दाबला आणि लगेच, डोळ्याची पापणी लवेल इतक्या अंतरानं, रोनकनंही दाबला. पुढच्याच्या आडोशाला हवेचा विरोध कमी असतो, म्हणून मागची गाडी जास्त जोरात येते. थांबेना, तेव्हा किरणवर आदळू नये म्हणून त्यानं उजवीकडे स्टिअरिंग ओढलं. आधी ब्रेक, मग बाजू. धाडस कुठंही नव्हतं. कापसाचा टेम्पो होता आणि तुरीचं शेत.

पुढचा आरशात मागे बघत होता. मागचा पुढच्याच्या शेपटीकडे बघत होता. रस्त्याकडे बघायला त्या दोघांत कुणीच नव्हतं.

मला कोडं वेगळंच पडलं होतं. आयुष्यभर मी चूक झाकायला नशीब, म्हशी आणि डिव्हायडर पुढे करणारी माणसं पाहिली. हा पोरगा चूक झाकायला गुन्हा कबूल करत होता.

चेअरमनना हे पटायला वेळ लागला. "तो स्वतः म्हणतोय मुद्दाम केलं, आणि आपण त्याला सांगायचं, की बाबा, तू नाही केलंस?"

"हो," वसंता मॅडम म्हणाल्या. त्यांचं त्या दिवसातलं सगळ्यात लांब भाषण आधीच होऊन गेलं होतं.

निकाल असा लागला: चालकाच्या चुकीमुळे धडक, रोनकला वेळेचा दंड, म्हणजे त्याच्या वेळेत काही सेकंद वाढवायचे. त्या दंडानं तो पाचवा झाला, किताब किरणला गेला. किरणलाही समज दिली. परवान्याला धक्का नाही. हेतुपुरस्सर हा शब्द कागदावर कुठंही नाही.

गाड्या उभ्या करायच्या जागी रोनकनं मला गाठलं. निकाल लागला होता, आता बोलायला हरकत नव्हती. सुनावणीतली इंग्रजी खोलीतच राहिली होती.

"काका, मी सांगितलं ना, मुद्दाम गेल्तो म्हणून."

"ऐकलं मी."

"मंग लिहायचं ना तसं. तुम्हाला काय फरक पडतो? शिक्षा मला होऊन राह्यली होती."

"तसं घडलं नाही, रोनक."

"घडलं न्हाई ते मला बी माहीत हाय." तो इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाला, "त्या परदेशी संघाच्या माणसानं सकाळी मला काय सांगितलं माहीत हाय? आम्हाला लढणारा पाह्यजे. बंदी घातलेला लढणारा बी चालतो त्यांना. चुकणारे त्यांच्याकडं लाइन लावून उभे हायेत. तुम्ही मला त्या लायनीत उभं केलं."

"तू होतास त्या रांगेत. मी फक्त लिहिलं."

"बंदी उठती, काका. हे कसं उठनार?"

मी त्याला सांगितलं ते असं: तू मुद्दाम केलंस असं आम्ही लिहिलं, तर उद्या तूच त्यावर विश्वास ठेवशील. ज्या चुकीचं नाव धाडस पडतं, ती चूक परत होते. पुढच्या वेळी समोर वाळू असेल का भिंत, ते तुला माहीत नाही. तो ऐकत नव्हता. अपील करता येईल का, एवढंच त्यानं विचारलं. मी कार्यालयाकडे बोट दाखवलं. तिथल्या बाईंनी, असं ऐकलं, की फॉर्म उलटसुलट करून पाहिला. निकालाविरुद्ध दाद मागायला जागा आहे, पण शिक्षा वाढवून मागायला रकानाच नाही.

परदेशी संघाचा फोन आला नाही. त्याचं ओझं मी माझ्याकडे ठेवलं आहे. निकाल बरोबर होता, यात मला शंका नाही. पण बरोबर निकालानं माणसाचं नुकसान होत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मी जालन्यात परतलो तेव्हा चौफुलीवर फ्लेक्स लागलेला होता. 'जालन्याचा वाघ'. धुरातून निघणारी ती गाडी, वर शुभेच्छुकांचे फोटो. त्यातल्या निम्म्यांचे चेहरे मला विम्याच्या दाव्यांमुळे परिचित होते. वाघ पाचवा आला ही बातमी फ्लेक्सपर्यंत पोहोचली नव्हती. पुढे त्यावर एका कोचिंग क्लासची जाहिरात चढली, पण कोपऱ्यातून वाघाचं एक चाक बरेच दिवस दिसत राहिलं.

पारसशेठ घरी आले. आमच्या सौभाग्यवतींनी चहा ठेवला आणि दाराआड उभं न राहता सरळ समोर येऊन बसल्या. त्यांना असले प्रसंग चुकवायचे नसतात.

"पेढे कसे होते, भाऊसाहेब?"

"चेअरमननी खाल्ले."

"तरीच," पारसशेठ म्हणाले. चहा बशीत ओतून त्यांनी एक घोट घेतला. "लिंबू-मिरची काढाया नको होती त्यांनी."

"शेठ, ते लिंबू असतं तरी ब्रेक उशिराच लागला असता."

"ते झालं. माझं म्हननं येवढंच, की चुकलं असं कशाला लिव्हायचं? बाजारात बंदीची आवई उठली, लोक विचारून राह्यलेत, शेठ, पोराची बंदी कधी उठनार? आता त्यांना काय सांगू? बंदीच न्हाई, नुसतं चुकलं म्हनू?"

"तसंच सांगा."

"धंद्यात कोनी सांगतं का चुकलं म्हनून? भाव पडला म्हनत्यात."

सौ. म्हणाल्या, "शेठजी, पोरगं घरी धडधाकट आलं ना?"

"ते बराबर हाय, ताई."

"मग प्या चहा."

पारसशेठनी चहा संपवला. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारलं, आणि या वेळी आवाजात बाजार नव्हता, "खरं सांगा. त्याला कळालं का, चुकलं ते?"

मी म्हणालो, "कळलं आहे. मान्य आहे का, ते सांगता येत नाही."

रोनक काही महिने सळईच्या गोदामावर बसला. मग नव्या मोसमाची तयारी सुरू झाली. निघण्याआधी तो एके सकाळी गाडी घेऊन माझ्या दारात आला. "चला काका, राजूरला. पप्पांनी किताबासाठी नवस बोलला होता. किताब न्हाई मिळाला, तरी जाऊन या म्हणले. देवाशी धंद्याचं बोलनं ठेवायचं न्हाई."

मला पहिला संशय आला तो हा, की यात पेढे आहेत. तरी गेलो.

माझी एक जुनी खोड आहे. दुसऱ्याच्या शेजारी बसलो, की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो, तिथं ब्रेक नसला तरी. घरात यावर बरेच विनोद होतात. जालना सोडल्यापासून माझा पाय दाबलेलाच होता. रोनक फार सांभाळून चालवत होता. मला वाटलं, हे माझ्यासाठी चाललंय. पंच शेजारी बसला की सगळेच सभ्य होतात.

राजूरच्या अलीकडे, एका लांब वळणावर, पुढे मका भरलेला ट्रक लागला. पोती इतकी वर, की पलीकडचं आभाळसुद्धा दिसेना. ट्रक रांगत होता. मागे चार-पाच गाड्या साचल्या, हॉर्न सुरू झाले. थोड्या वेळानं ट्रकवाल्यानं खिडकीतून हात काढला आणि हलवला. जा, साइड दिली.

रोनक गेला नाही.

ट्रकवाल्यानं पुन्हा हात हलवला, या वेळी जरा चिडून. मागच्या एका जीपनं आम्हाला आणि ट्रकला एकदमच मागे टाकलं. जाता जाता आतल्या माणसानं काच खाली करून आमच्या गाडीविषयी, चालवणाऱ्याविषयी आणि त्याच्या घराण्याविषयी थोडक्यात मत दिलं. जुना रोनक त्या जीपच्या शेपटीला चिकटून गेला असता, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो जीपकडे बघत नव्हता. ट्रककडेही नाही. ट्रकच्या कडेनं जी रस्त्याची बारीक पट्टी दिसत होती, तिकडे बघत होता.

"साइड दिली ना त्यानं?" मी विचारलं.

"त्याला दिसत असंल, काका. मला कुठं दिसून राह्यलंय?"

वळण संपलं. पलीकडे रस्ता दूरवर रिकामा होता. समोरून साधी सायकलसुद्धा येत नव्हती.

"जाता आलं असतं," मी म्हणालो.

"आलं असतं," रोनक म्हणाला. मग त्यानं आधी बाजू घेतली, रस्ता पाहिला आणि ट्रकला मागे टाकलं.

तो माझ्यासाठी करून दाखवत होता की खरंच, हे मी अजूनही ठामपणे सांगणार नाही. मंदिराचा कळस दिसू लागला तेव्हा माझा पाय दाबलेलाच होता.